दादाचं घड्याळ रस्त्यावर आहे

दादाला घड्याळ कळत नाही. म्हणजे आकडे येतात, बारापर्यंत बिनचूक म्हणतो, मनगटावर बाबांचं जुनं एचएमटी असतं आणि कुणी वेळ विचारली की ते डोळ्यांजवळ नेऊन एकदम कॉन्फिडन्टली "साडेचार" म्हणून सांगतो, मग सकाळ असो की रात्र. पण वेळ त्याला पक्की कळते. दूधवाल्याने बेल मारली की उठायचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या शाळेची रिक्षा हॉर्न मारायला लागली की दाढी-आंघोळ. कचरावाल्या ताईंची "कचराऽऽ" अशी हाक आली की दोन डबे घेऊन खाली. दुपारी एकला खालच्या किराणा दुकानाचं शटर खाली आलं की जेवण, चारला वर गेलं की चहा. (हो, आमच्या गल्लीतलं दुकान अजून एक ते चार बंद असतं. पुण्याला यावरून हसायचं त्यांनी हसावं, आमचं घर त्या शटरवर चालतं.)

दादा ४६ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच शिकायला-समजायला वेळ लागतो, माझ्यापेक्षा मोठा. कर्वेनगरला आईबरोबर राहतो. मी सिंहगड रोडला, म्हणजे मधे फक्त राजाराम पूल, पण संध्याकाळी सहा वाजता तो पूल ओलांडून दाखवा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होईपर्यंत दादाचं सगळं आईच करायची आणि सगळं म्हणजे अक्षरशः सगळं, टॉवेल हातात देण्यापासून पोळीचे तुकडे करून देण्यापर्यंत. त्याला येत नव्हतं असं नाही, त्याला कधी करायची वेळच आली नव्हती. आई एकदा कॉटवर आडवी झाली तेव्हा लक्षात आलं की घरात दोन माणसं परावलंबी आहेत आणि त्यातलं एक माणूस तर धडधाकट आहे, त्याला वजनं उचलता येतात, जिने चढता येतात, अख्खा गणपतीचा मांडव उभा करायला मदत करता येते.

सुरुवातीला सगळे करतात तेच मीही केलं, नेटवरून चित्रांचा तक्ता काढला. ब्रश करणारा कार्टून मुलगा, आंघोळ करणारा कार्टून मुलगा, सूर्य हसतोय वगैरे. दादाने तो बघितला आणि म्हणाला, "छोटी, हे बाळाचंय." बरोबरच होतं त्याचं. ४६ वर्षांच्या माणसाच्या खोलीत बालवाडीचा तक्ता लावायचा म्हणजे काय. मग फोनवर त्याच्याच वस्तूंचे फोटो काढले, त्याचा निळा ब्रश, त्याची बादली, त्याचं कपाट आतून कसं दिसलं पाहिजे ते, आणि प्रिंट काढून त्या त्या जागी लावले. कपाटाच्या दाराच्या आत कपाटाचाच फोटो. तो मात्र चालला, कारण त्यात कुणी शिकवत नाहीये, नुसतं दाखवलंय की हे असं असतं. शिवाय त्याला अक्षरं लावून लावून वाचता येतात थोडी, म्हणून काही ठिकाणी पाट्या आहेत, आणि पाट्या लिहायचं काम बाबांचं होतं तेव्हापासून आमच्या घरातल्या पाट्यांचा सूर ठरलेलाच आहे. बाथरूमच्या दारावर "दिवा बंद करणे. वीज फुकट नाही." ही पाटी दादाची सगळ्यात आवडती, आलेल्या पाहुण्यांना तो ती मोठ्याने वाचून दाखवतो आणि पाहुणे निमूट परत जाऊन दिवा बंद करून येतात.

पण फोटोने "कसं" कळतं, "कधी" कळत नाही. आणि खरी मारामारी कधीचीच होती. मोबाईलवर अलार्म लावून बघितले. अलार्म वाजला की तो अलार्म बंद करायचा, अगदी मनापासून, आणि परत बसायचा. त्याच्या हिशोबाने अलार्म बंद करणं हेच काम होतं आणि ते झालं. मी फोन करून "दादा, आंघोळ झाली का" विचारलं की "हो" यायचं, कारण मला हो ऐकायचंय हे त्याला कळतं. मग एक आठवडा मी तिथेच राहिले आणि नुसतं बघत बसले की हा न सांगता काय काय करतो. न सांगता तो बेल वाजली की दार उघडत होता. न सांगता कचऱ्याची हाक आली की गॅलरीत जाऊन हात करत होता. दुकानाचं शटर पडलं की "काका जेवायला गेले" म्हणत होता. त्याच्याकडे घड्याळ होतंच, फक्त ते रस्त्यावर होतं आणि आपण आपलं भिंतीवरचं त्याच्या गळ्यात मारत होतो.

तेव्हापासून पद्धत अशी की कुठलंही नवीन काम त्याला द्यायचं असेल तर ते बाहेरच्या एका ठरलेल्या गोष्टीला अडकवायचं. थायरॉइडची गोळी हे उत्तम उदाहरण, डाउन असलेल्यांमध्ये थायरॉइड कमी असणं खूप कॉमन आहे, दादालाही आहे, आणि ती गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची असते, दूध-चहाबरोबर नाही, आणि मधे निदान अर्धा-पाऊण तास जावा लागतो. आता हे "अर्धा-पाऊण तास" त्याला समजावून सांगणं अशक्य. पण दूधवाल्याची बेल आणि शाळेची रिक्षा यांच्यात तेवढं अंतर आपोआप असतं. म्हणून बेल वाजली की दूध फ्रिजमध्ये आणि फ्रिजच्या वरच ठेवलेल्या वारांच्या डबीतून गोळी, आणि चहा रिक्षा गेल्यावर आंघोळ उरकूनच. एकदा बसलं ते बसलं. रविवारी रिक्षा येत नाही तेव्हा आई सांगते, तेवढं चालतं.

कचऱ्याचं काम तर त्याने स्वतःहून घेतलं. आमच्याकडे "स्वच्छ"च्या ताई येतात, २००८ पासून पुणे महापालिकेबरोबर काम करणारी कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे ती, आणि आमच्या ताई कडक आहेत. ओल्यात प्लॅस्टिक निघालं की डबा परत. त्यांनी दादाला एकदाच नीट दाखवलं, काय कुठे, सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे गुंडाळून, वर लाल खूण. त्यानंतर दादा बिल्डिंगचा इन्स्पेक्टर झालाय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यात गाठून "दुधाची पिशवी सुक्यात, धुऊन" असं सांगतो. काकू आधी चिडल्या, आता धुतात.

शिकवायची म्हणून एक पद्धत मात्र मला स्पेशल एज्युकेटरकडून मिळाली आणि ती इथे नीट लिहिते कारण ती कुणालाही उपयोगी पडेल. उलटीकडून शिकवायचं. आपण काय करतो, पहिली पायरी त्याला करायला लावतो, तो अडकतो, मग आपण "दे इकडे" म्हणून उरलेलं करून टाकतो. म्हणजे प्रत्येक वेळी त्याच्या वाट्याला सुरुवात आणि हार, आणि शेवट आपल्या हाताने. हे फिरवायचं. भात लावायचा तर तांदूळ निवडणं, धुणं, पाणी घालणं सगळं मी केलं, आणि दादाने फक्त झाकण लावून इंडक्शन शेगडीचं बटण दाबलं. "भात कोणी केला?" "मी!" आणि ते खोटं नाही. मग पाणीही तोच घालायला लागला, मग धुणंही, असं मागे मागे जात एक दिवस सगळंच त्याच्याकडे गेलं.

पाण्याचं माप त्याला बोटाच्या पेरावर दाखवायचा प्रयत्न फसला कारण तो दर वेळी वेगळं बोट घालायचा. शेवटी पातेल्यालाच आतून मापाची खूण केली. दुकानात भांड्यावर नाव घालून देतात तशी, एक बारीक ठिपक्यांची रेघ. स्टिकर निघतात, मार्कर जातो, ती रेघ गेली नाही. तांदळाला आईची पितळी वाटी, सपाट दोन. दादा वाटी भरतो, वरून तळहात फिरवतो, खाली सांडलेले चार दाणे एकेक वेचून परत वाटीत टाकतो आणि मग पुन्हा तळहात फिरवतो. या सगळ्याला वेळ लागतो, खूप लागतो, आणि खरं सांगायचं तर मदत करणाऱ्याचं नव्वद टक्के काम म्हणजे त्या वेळात आपले हात पाठीमागे धरून उभं राहणं. एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. आपण दुसऱ्यांदा सांगितलं की तो पहिल्यापासून सुरू करतो.

गॅसच्या जवळ त्याला एकट्याला जाऊ देत नाही, ते मी ठरवलंय, यावर लोक मला जपून राहा म्हणतात किंवा उलट "त्याला संधी द्या" म्हणतात, दोघांनाही नमस्कार. पाइप गॅस आहे, नॉब अर्धवट फिरला तर वास येईपर्यंत कळणार नाही आणि त्याला सर्दी बाराही महिने. इंडक्शन घेतलं. भांडं उचललं की बंद होतं, टायमर आहे, ज्योत नाही. फक्त आईची ॲल्युमिनियमची सगळी पातेली त्यावर कुचकामी, कारण तळाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. मी फ्रिजवरचं मॅग्नेट पर्समध्ये टाकून तुळशीबागेत गेले आणि दुकानात पातेली उलटी करकरून मॅग्नेट लावून बघितलं, दुकानदार म्हणाला, "ताई, भांडी बघताय का पोलिस आहात?"

आता मावशींचं. आमच्या धुणंभांडीवाल्या मावशी आईकडे फार जुन्या आहेत आणि दादावर त्यांचा जीव आहे, आणि दादाला कामं द्यायला सगळ्यात जास्त विरोध त्यांचाच. तो भांडी घासायला उभा राहिला की हातातून काढून घ्यायच्या. "अहो दादा, तुम्ही बसा, पुरुष माणसाने कशाला." मी चार वेळा समजावलं, त्या हो म्हणायच्या आणि मी जिना उतरले की पुन्हा तेच. मला आधी वाटलं लाड करतायत. मग एक दिवस आईनेच सांगितलं की त्यांना भीती वाटतेय, दादा भांडी घासायला लागला तर भांड्यांचे पैसे कापणार. कुणी स्पष्ट बोललंच नव्हतं. पगार तोच राहणार, उलट दादाच्या बरोबर उभं राहायचे वेगळे पैसे, असं ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून मावशी बदलल्या. आता त्याच त्याला ओरडतात, "दादा, बुडाला काळं राहिलंय, परत घासा." त्यांच्याइतकं कडक मला जमत नाही. अशा घरात काम करणाऱ्या बायकांशी पैशाचं आधी बोला, बाकी सगळं नंतर.

मागच्या पावसाळ्यात एक प्रकार झाला. दादा हळूहळू सगळंच विसरायला लागला. कचऱ्याची हाक येऊन जायची, हा डबे भरून ठेवलेले आणि तसाच बसलेला. शटर पडलं तरी जेवायला उठायचा नाही. गोळी राहायला लागली. चिडचिड वाढली. नातेवाईक म्हणाले, वय झालं आता त्याचं, ह्यांचं असंच होतं. आणि हे बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं, म्हणूनच मी जास्त घाबरले. डाउनमध्ये २१ नंबरच्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि अल्झायमरमध्ये मेंदूत जे अमायलॉइड साठतं त्याचा जीन नेमका त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत तसे बदल सुरू झालेले असतात, लक्षणं पुढे कधी दिसतील ते माणसागणिक वेगळं. आणि पहिली लक्षणं बऱ्याचदा घरकामातच दिसतात, येणारी पायरी चुकायला लागते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की आधी काय काय येत होतं. इथे माझी वही कामाला आली. ती मी कौतुकाने लिहिलेली होती खरं तर, आज भात स्वतः केला, आज घड्या बरोबर घातल्या, असलं. पण त्यावरून डॉक्टरांना दिसलं की एक गंमत आहे, भात अजून जसाच्या तसा जमतोय, घड्या जमतायत, कपाट फोटोसारखं लागतंय, बिघडलंय ते फक्त हाकेवर आणि आवाजावर चालणारं सगळं. त्यांनी थायरॉइडची टेस्ट लिहून दिली आणि म्हणाले, आधी कान दाखवून या.

दोन्ही कानांत मळ दगडासारखा बसला होता. डाउन असलेल्यांच्या कानाची नळी मुळातच अरुंद असते, मळ बाहेर यायला वाव नसतो. काही दिवस थेंब घातले, मग कानाच्या डॉक्टरांनी काढून दिला. खाली रस्त्यावर आलो, बाजूने पीएमटीची बस गेली (पीएमपीएमएल म्हणा, आम्ही पीएमटीच म्हणतो), तर दादाने दोन्ही हात कानावर ठेवले आणि माझ्यावरच ओरडला, "आवाज कमी कर!" दुसऱ्या दिवशी ताईंच्या हाकेसरशी डबे खाली. आता दर सहा महिन्यांनी कान दाखवायचे हे कॅलेंडरवर आहे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी "विसरायला लागलाय" म्हणायच्या आधी कान, डोळे, थायरॉइड एवढं बघून घ्याच.

रस्त्यावरच्या घड्याळाचा तोटा म्हणजे रस्ता बदलला की घर बदलतं. महापालिका देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते गुरुवारी, आणि बातमी पेपरात एक-दोन दिवस आधी येते. मग बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवायच्या, हे काम दादाने इतकं मनावर घेतलंय की दर बुधवारी विचारतो, "उद्या पाणीय ना?" आणि पाणी असलं तरी एक बादली भरून ठेवतोच. गणपतीत मात्र मी हात टेकते. गल्लीत मांडव, रिक्षा वळसा घालून जाते, दुकान रात्री उशिरापर्यंत चालू, ढोल, आणि दादा तर मंडळाचा मानाचा कार्यकर्ता, आरतीचं ताट त्याच्याच हातात. त्या दहा दिवसांत फक्त गोळी, दात आणि आंघोळ सांभाळायची, बाकी घर पसरलं तर पसरू दे. नंतर गाडी रुळावर यायला तेवढेच दिवस लागतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावा लागतो, ती कलेक्टर ऑफिसला असते. त्याच ट्रस्टची निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आधी मेडिकल तपासणी मागत नाहीत. बाबा पोस्टात होते, फॅमिली पेन्शन आईनंतर दादाला आयुष्यभर मिळू शकते, पण ते नाव आई-वडिलांच्या हयातीतच लावून घेतलेलं बरं, नंतर एकेका दाखल्यासाठी खेटे घालणं भावंडांच्या नशिबी येतं.

आणि आता हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय. कर्वेनगर-कोथरूडमध्ये कुणाची जात नाहीये म्हणा. बिल्डर भाडं देणार, शिफ्टिंगचे पैसे देणार, तीन वर्षांनी नवा फ्लॅट. नातेवाईक म्हणतात, बावधनला छान मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये घ्या, लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, दादाला सेफ. मी जाऊन बघून आले. तिथे दूध पहाटे ॲपवाला दाराला पिशवीत लटकवून जातो, बेल वाजवत नाही. कचरा हाउसकीपिंगवाले दाराबाहेरून आवाज न करता उचलतात. शाळेच्या बस गेटबाहेर. हातगाडीला आत यायला बंदी. दुकान आहे पण ते चोवीस तास उघडं. सगळ्यांसाठी ही सोय आहे, पण त्या फ्लॅटमध्ये दादाला दिवसभर एकही गोष्ट सांगणार नाही की आता काय करायचं. मग सांगणार कोण, तर आई, आणि आईचं आता ७५ वय.

नवीन बिल्डिंगमध्येही आम्ही वरचा मजला नको म्हणून सांगितलंय. तेव्हा मीटिंगमध्ये सगळे एकदम प्रेमाने बघायला लागले, कारण प्रत्येकाला वरचाच हवाय. पण बिल्डरच्या माणसाने प्लॅन दाखवला तर खालचे तीन मजले पार्किंग. म्हणजे आमचा सगळ्यात खालचा फ्लॅटसुद्धा चौथ्यावर. चौथ्यावर ताईंची हाक पोचते का हे बघायला मी समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर सकाळी जाऊन उभी राहिले. पोचते, रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत पोचते, मागच्या बाजूला नाही. त्यामुळे रविवारच्या मीटिंगमध्ये आमची मागणी एवढीच, चौथा मजला आणि रस्त्याची बाजू, ट्रॅफिकचा आवाज येतो म्हणून बाकी कुणालाच ती नकोय.

राहता राहिला प्रश्न मधल्या तीन वर्षांचा. याच गल्लीत, नाहीतर पुढच्या-मागच्या गल्लीत, तळमजला किंवा पहिला मजला, टू बीएचके, कमोड हवा, मांजर चालेल, घरमालक आमच्यापेक्षा पुणेरी असला तरी चालेल. कुणाच्या माहितीत असेल तर सांगा. ब्रोकर नको.